धवल्यांच्या प्राचीताई

प्राची भोईर यांनी आगरी लग्नांत बायका गातात त्या धवल्यांवर पीएचडी केली होती. निवृत्तीनंतर त्या बदलापुरात ठिकठिकाणी जाऊन या गाण्यांचा अर्थ लोकांना समजावून सांगत. शिरगावातल्या व्याख्यानानंतर कौसाबाई नावाच्या म्हातारीने विचारलं, "बाय, तुमच्या लग्नात धवले कोनी गायले?"

"माझं लग्नच झालं नाही," प्राचीताई म्हणाल्या.

कौसाबाईंनी त्यांचा हात धरला. "परवा नातीची हळद हाय. या. अर्थ नका सांगू, नुसत्या बसा."

प्राचीताई गेल्या. गाण्यातला शब्द न् शब्द त्यांना पाठ होता, पण बायकांबरोबर गायला काही जमेना. कुणीतरी त्यांच्याही गालाला हळद फासली. घरी आल्यावर ती दाखवायला कोणी नव्हतं. तोंड न धुताच त्या बराच वेळ बसून राहिल्या.