वर्ध्यात चालतो, घरी चालत नाही

लग्नाचा बायोडाटा टाइप करून घ्यायचा असला की आर्वीतले आमच्या भागातले लोक माझ्याकडे येत. कापसाच्या जिनिंग कारखान्यात जन्मभर बाबूगिरी केली, टायपिंगचा हात होता, आणि लग्न होऊन पुण्याला जाताना मुलगी तिचा कॉम्प्युटर घरी टाकून गेली, म्हणून रिटायर झाल्यावर हा फुकटचा उद्योग. फुकट म्हटल्यावर माणसं येतात, आणि आलेला माणूस मजकूर सांगून लगेच उठत नाही. पोरीच्या उंचीवरून मामेकुळावर, मामेकुळावरून मामाच्या भांडणावर, तिथून सोयाबीनच्या भावावर. तोवर आतून बायको चहा घेऊन यायची.

तिचा त्या यंत्राशी संबंध फक्त दसऱ्याला यायचा. शिलाई मशीन, विळी, माझी सायकल, सगळ्यांना हळदीकुंकू झालं की ती कॉम्प्युटरकडे वळायची, आणि दरवर्षी आमची तीच बाचाबाची व्हायची. मी म्हणायचो, ‘‘अवं, फूल ठेव, कुंकू लाव, पण त्याच्यावर तांदूळ नको टाकू. आत जाते अन् मशीन बिघडते.’’ ती म्हणायची, ‘‘अजी, अक्षता टाकल्याशिवाय पूजा होते का कुठं?’’ आणि मूठभर अक्षता की-बोर्डावर टाकून मोकळी व्हायची. मग मी चिडून फुंकर मारत बसायचो. तिला हसू आवरायचं नाही.

पौषात ती गेली. तेरवी आटोपून मुलगी पुण्याला परतली आणि घरात मी एकटा उरलो. खरं सांगतो, त्या बायोडाट्यांनी मला तारलं. आता चहा मीच करत होतो, तो गोड व्हायचा नाहीतर कडू, पण समोर बसून पिणारं कोणीतरी असायचं. कोणी आलं नाही तर दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे. संध्याकाळी दूधवाल्याला ‘‘काऊन उशीर झाला?’’ विचारायचो, तर स्वतःचाच आवाज घोगरा लागायचा.

उन्हाळ्यात कूलर लावायला टेबल सरकवलं, सगळं सामान उचलून परत मांडलं, आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवरच्या ‘ऑफिस’ नावाच्या प्रोग्रामच्या अंगात आलं. ज्यात मी टाइप करायचो तोच प्रोग्राम. एक अक्षर दाबलं की पान छापायची खिडकी उघडायची, दुसरं दाबलं की लिहिलेलं सगळं काळं व्हायचं, तिसऱ्याला फाइलच बंद. कधी तासभर सुतासारखा सरळ चालायचा, आणि कोणी समोर येऊन बसलं की हटकून सुरू. मुलीने फोनवरून एकेक पायरी सांगून प्रोग्राम काढायला लावला, परत टाकायला लावला. फरक शून्य. दर फोनच्या शेवटी ती म्हणायची, ‘‘बाबा, कशाला जीव आटवता? इकडे या ना राहायला.’’ मी ‘‘पाहू’’ म्हणून फोन ठेवायचो.

आमच्याकडे कॉम्प्युटर बिघडला म्हणजे डबा बिघडला. डबा म्हणजे सीपीयू. स्क्रीन आणि की-बोर्ड घरी राहतात, आजारी माणसाला न्यावं तसा डबा तेवढा दुकानात न्यायचा. मीही बायकोच्या जुन्या पातळात तो बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन वर्ध्याला निघालो. कंडक्टर म्हणाला, ‘‘काकाजी, खाली ठेवा ना. कोणी पाय नाई देत.’’ मी ठेवला नाही. पातळाला अजून तिच्या पेटीतल्या कापराचा वास होता.

दुकानदाराने त्याचा स्क्रीन, त्याचा की-बोर्ड लावला आणि अख्खं पान टाइप करून दाखवलं. ‘‘काईच नाई झालं याले,’’ म्हणाला. घरी आणून जोडला तर पहिल्याच ओळीला फाइल बंद. पुन्हा पातळ, पुन्हा एसटी. या वेळी त्याने ‘‘व्हायरस असन’’ म्हणत सगळं पुसून नव्याने भरून दिलं. दुकानात लोण्यासारखा चालला. घरी आला की पुन्हा तेच रडगाणं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो हात जोडून म्हणाला, ‘‘काकाजी, डबा इथं चालते, तुमच्या घरी चालत नाई. मंग घराचंच काई असन.’’ शेजाऱ्याने तर टेबलाचं तोंड दक्षिणेला आहे असा शोध लावला. मी तेही फिरवून पाहिलं. हसू नका, एकटा माणूस काय वाट्टेल ते करून पाहतो.

लोक येईनासे झाले. त्यांचा तरी काय दोष? आमच्याच गल्लीतली एक बाई शेवटची आली. दुसऱ्या दिवशी पुलगावचे पाहुणे तिच्या मुलीला पाहायला येणार होते. मी चहाचं आधण ठेवून टाइप करायला बसलो. मुलीचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि सगळं गेलं. परत लिहिलं, परत गेलं. बाई बिचारी भली, चुळबुळही केली नाही. शेवटी हळूच म्हणाली, ‘‘राहू द्या काकाजी, स्टँडजवळ नवीन दुकान झालं, तिथून करून आणतो मी.’’ ती गेली. दोघांचा चहा मी मोरीत ओतला आणि मुलीला फोन करून सांगितलं, ‘‘येतो पुण्याला.’’ तिला केवढा आनंद झाला. मला मात्र रडू येत होतं.

कॉम्प्युटर शाळेला द्यायचं ठरवलं. देताना धुळीने भरलेला कसा द्यायचा, म्हणून पुसायला घेतला. पेपर अंथरून त्यावर की-बोर्ड पालथा केला आणि सगळा राग काढत दोन-चार थापा मारल्या. धूळ पडली, केस पडले, आणि आत काहीतरी खुळखुळलं. पेचकसाने एकेक बटण उचकटू लागलो. कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या बटणाखाली तांदळाचा एक दाणा आडवा अडकून बसला होता. अर्धा पांढरा, अर्धा कुंकवाने लाल.

दसऱ्यापासून तो आत कुठेतरी पडून असणार आणि टेबल सरकवताना घरंगळत तिथे आला असणार. त्यामुळे बटण दबलेलं राहायचं, आणि मी अक्षर दाबलं की कॉम्प्युटर त्याला हुकूम समजायचा. हा दाणा घरी ठेवून मी डबा वर्ध्याला नाचवत होतो. दाणा काढला, बटणं बसवली, प्रोग्राम उघडला आणि गल्लीतल्या त्या पोरीचा बायोडाटा आठवेल तसा पूर्ण टाइप केला. एक अक्षर हललं नाही.

मुलीला फोन लावला. ‘‘बिघाड सापडला. आत्ताच येत नाही, लोकांची कामं पडली आहेत,’’ म्हणालो. काय होतं ते सांगितल्यावर ती हसली, म्हणाली, ‘‘आईचंच काम,’’ आणि तिने फोन ठेवला.

दाणा पेपरवर पडला होता. उभ्या संसारात तिच्याशी घातलेला हा एकच वाद मी पुराव्यासकट जिंकलो असेन. स्वयंपाकघराकडे तोंड करून मी म्हटलंही, ‘‘पाह्य, सांगत होतो ना तुले? तांदूळ आत जाते म्हणून?’’ तिचं उत्तर मला पाठ होतं. ‘‘अजी, पूजा केलती म्हणून तं बिघाड सापडला.’’ असंच म्हणाली असती, आणि वर हसली असती. मी खुर्ची स्वयंपाकघराकडे वळवून तसाच बसून राहिलो.