शमीम बाईंचे चौकोन

शमीम बाई बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायच्या. मला जन्मापासून दिसत नाही, म्हणून आधी वाटलं, हे माझ्यापुरतंच असेल. पण त्या सगळ्यांशीच तशा बोलायच्या. मुरुमच्या शाळेत त्या आम्हाला गणित शिकवायच्या.

आठवीत चौकोनांचा धडा सुरू होणार होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हिला भूमितीतून सूट घेता येते. कशाला त्रास देता पोरीला?"

"सूट हाय सर, सक्ती न्हाय," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "तुला काय पायजे गं?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. "शिकायचंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सारख्या लांबीच्या चार तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, टोकांना सुतळीनं सैल बांधून आणल्या. "हा चौरस. कोपरे चाचपून बघ. आता एका अंगाला रेट." मी रेटलं. चौकट कलली.

"बाजू बदलल्या?"

"नाही बाई. कोन बदलले."

"हा झाला समभुज चौकोन. मग चौरस समभुज हाय का न्हाय?"

मी चौकट पुन्हा सरळ केली. बोटं फिरवली. "आहे! चारी बाजू सारख्या आहेत. आणि कोपरे काटकोनात, म्हणजे तो आयतसुद्धा आहे!"

मुली हसल्या. एकच आकृती तीन-तीन कशी? बाई त्यांच्यातल्या एकीला म्हणाल्या, "का गं, तू मुरुमची हाईस म्हणून उमरगा तालुक्याची न्हाईस व्हय?"

पुढं लहानमोठ्या तुराट्यांचे समलंब आले, पतंग आले. मी गडबडले की बाई म्हणायच्या, "लई घाई नको. बोटांना इचार." हळूहळू त्याच मुली मधल्या सुट्टीत माझ्याकडं शंका घेऊन यायला लागल्या.

दहावीला मी सूट घेतली नाही. आकृती कशी काढायची, सिद्धता कशी लिहायची, सगळं लेखनिकाला तोंडी सांगितलं. गणितात शाळेत पहिली आले.

बाईंच्या निरोप समारंभात एक पाहुणे म्हणाले, "एका अंध मुलीला पास करून बाईंनी मोठं पुण्य कमावलं."

बाईंनी माइक मागून घेतला. "पुण्य कसलं साहेब? अन् पास न्हाय, पहिली आली ती. सोताच्या अकलेनं आली."

बाई आता नाहीत. मी उमरग्यात गणित शिकवते. कार्यक्रमात कुणी 'दिसत नसूनही' अशी माझी ओळख सुरू केली, की मी मध्येच थांबवते आणि ताठ मानेनं सांगते, "मी शमीम बाईंची विद्यार्थिनी. गणितात पहिली."