रोह्यातला केनिया

मुंबईच्या एका सहल कंपनीच्या मालकांनी मला फोनवर सरळ सांगितलं होतं, "बाई, एक गाडी भरेल इतकी माणसं तुम्ही आणा. केनियाची मराठी सहल काढतो आणि टूर लीडर तुम्हीच. नाही जमलं तर विषय सोडून द्या."

विषय सोडून देणं माझ्या रक्तात नाही. लग्नानंतरची सहा वर्षं मी नैरोबीजवळ काढली होती. यजमान तिथल्या एका कारखान्यात फोरमन होते. कंत्राट संपल्यावर आम्ही पेणला परतलो, रामवाडीत ब्लॉक घेतला, ते रोज रोह्याकडे शिफ्टला जाऊ लागले आणि मी घरी बसले. नव्वदच्या दशकात आमच्या गावात केनियात राहून आलेल्या बाईचा उपयोग एकच होता. हळदीकुंकवाला तिला विचारायचं, "तिथली माणसं दिसतात कशी हो?" मी म्हणायची, "माणसांसारखी." मग कुणी पुढचं विचारत नसे. मला मात्र तो देश परत बघायचा होता, आणि नुसता बघायचा नव्हता, आमच्या माणसांना दाखवायचा होता. ही सहल हुकली असती तर दुसरी संधी कोण देणार होतं मला?

पेणने चार टाळकी दिली आणि हात वर केले. उरलं रोहा. तिथल्या शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळाला. कंपनीने पाठवलेली माहितीपत्रकं गुळगुळीत कागदाची, इंग्रजी, पहिल्या पानावर हॉटेलचा पोहण्याचा तलाव. ते बघून आमचा माणूस म्हणणार, पोहायला आपली कुंडलिका नदी आहे की! म्हणून मी पेणजवळच्या जोह्याला, गणपतीच्या कारखान्यांच्या गावाला गेले. गणपती झाले होते, देवीच्या मूर्तीही गेल्या होत्या, कारखान्यात हात मोकळे होते. ओळखीच्या एका मूर्तिकारांना मी फोटो दिले आणि सांगितलं, "सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा. हुबेहूब पाहिजेत, दादा." ते म्हणाले, "हुबेहूबच करतो बाय. आखणी मी सोता करीन." आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ते काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत.

सभेच्या आदल्या दिवशी मी प्राणी आणायला गेले, तर चौघेही कोऱ्या कापडात तोंडं झाकून बसलेले. "जाग्यावर बसल्याबिगर तोंड उघडू नको," त्यांनी बजावलं. कुठल्याही शहाण्या माणसाने माल बघून घेतला असता. पण मी पडले पेणची. आमच्याकडे मूर्ती झाकूनच घरी येते आणि चौरंगावर बसली की मगच तिच्या तोंडावरचं कापड निघतं. सिंहाला आणि झेब्र्याला हा नियम लागू नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रोह्याच्या पॅसेंजरमध्ये लोकांनी उठून जागा दिली, एका बाईने जिराफाला नमस्कारही केला. तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

हॉल भरला होता. रविवार होता आणि चहा फुकट होता. रोह्याच्या कारखान्यांतले बाबू, शिक्षक, दोन डॉक्टर, आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांची एक बाई. त्यांना मी तोंडओळखीने ओळखत होते. नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या, बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणी ज्यू घरातल्या, मुलं-सुना केव्हाच इस्राएलला गेलेली, मागे त्या एकट्या राहिलेल्या. मी नमस्कार केला, दोन शब्द बोलले आणि मोठ्या थाटात चारही कापडं काढली.

सिंहाच्या पाठीवर लाल झूल होती, सोनेरी काठाची. गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर टिळा. हत्तीवर अंबारी. झेब्र्याला लगाम. जिराफाच्या उतरत्या पाठीवरसुद्धा झूल बसवली होती, आणि ती घसरू नये म्हणून पोटाखालून गोंडे बांधले होते. काम इतकं देखणं की रागावताही येईना. जोह्याच्या त्या माणसाने आयुष्यात बिनमालकाचं जनावर घडवलंच नव्हतं. उंदीर गणपतीचा, मोर सरस्वतीचा, सिंह देवीचा. माझे प्राणी त्यांनी रिकामे कसे सोडावेत?

हॉल हसून हसून फुटायची वेळ आली. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, ही सहल आहे का सर्कस?" माझे कान तापले. आता गेलंच सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मावशींनी काठी आपटली. सिंहाकडे बघत त्यांनी विचारलं, "पन ह्याच्यावर बसतं कोन गो?"

"कुणी नाही, मावशी."

"कुनीच नाय?"

"तिथे कुणीच नाही," मी म्हटलं, आणि लिहून आणलेलं भाषण पर्समध्ये कोंबलं. "तिथला सिंह कुणाच्या सांगण्यावरून उठत नाही. गवत त्याच्याच रंगाचं, तो उठेपर्यंत दिसतही नाही. मग आपली गाडी थांबते. त्याला वाटलं तर तो रस्ता ओलांडतो, वाटलं तर आपल्याच गाडीच्या सावलीत अंग टाकतो. आणि तो उठेपर्यंत आपण हलायचं नाही. गाडीत मंत्री असला तरी नाही."

हसू थांबलं. मग मी एकेका प्राण्याची झूल बोलण्यातूनच उतरवत गेले. पाठीवर कुणालाही न घेतलेल्या झेब्र्यांचे कळप सांगितले. सपाट डोक्याची बाभळीसारखी झाडं आणि वरचा पाला खाणारे जिराफ सांगितले. एका तळ्याच्या काठावर गुलाबी पाखरं इतकी उतरतात की पाणी शोधावं लागतं, हे सांगितलं. आफ्रिका म्हणजे भट्टी असं समजू नका, पहाटे स्वेटर लागतो, आणि चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, हेही सांगितलं. पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागेल म्हटल्यावर डॉक्टरांनी मान डोलावली. मागे ओरडणारा गृहस्थ आता उभा राहून ऐकत होता.

माझं संपल्यावर मावशी उठल्या. "पासपोर्ट काढून ठेवलाय, पोरांकडं जायाला," त्या म्हणाल्या. "पोरं कुठं पलून जात नाय. मोकलं जनावर बघायचं रायलंय माजं. लिव नाव."

पासपोर्टवाल्या मावशी निघाल्या म्हटल्यावर रोहेकरांना मागे राहणं शोभेना. डॉक्टर निघाले, त्यांच्या बायका निघाल्या, शिक्षक निघाले. सर्कस म्हणणाऱ्याने बायकोला कोपराने ढोसलं आणि तिने आधी सासूचं नाव दिलं. चहा गार झाला तरी टेबलाभोवतीची गर्दी हटेना. इतका आनंद त्याआधी कधी झाला होता, ते मला आठवत नाही.

सोमवारी मी मुंबईला फोन लावला. "एक नाही, दोन गाड्या लागतील."

मालकांनी आकडा परत विचारून घेतला. मग म्हणाले, "वा! पण इतका मोठा ग्रुप म्हणजे जबाबदारी आली. लीडर म्हणून आमचा अनुभवी माणूस देतो. तुम्ही त्याच्या मदतीला या."

मदतीला! माझं डोकं फिरलं. "शेटजी," मी म्हटलं, "ही माणसं तुमच्या कंपनीबरोबर निघालेली नाहीत, माझ्याबरोबर निघालीत. तुमचा माणूस पुढे बसणार असेल तर आत्ता रोह्याला जाते आणि सगळ्यांना घरी बसवते."

"अहो, रागावता काय बाई! तुम्हीच तर लीडर."

"तेच म्हणतेय मी."

नैरोबीच्या विमानतळाबाहेर पहाटे कडाक्याची थंडी होती. दोन गाड्या उभ्या होत्या. पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरने सगळ्या स्वेटर-मफलरांवरून नजर फिरवून विचारलं, लीडर कोण? मी तोंड उघडायच्या आत अख्ख्या रोह्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी पुढच्या सीटवर चढून बसले, दार लावून घेतलं आणि त्याला त्याच्याच भाषेत म्हटलं, "ट्वेंडे!" म्हणजे, चला.