इल्लै अक्काची सोडत

तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘इल्लै’. तमिळमध्ये ‘नाही’. गिऱ्हाईक विचारायचं, “शुक्रवारपर्यंत होईल का?” इल्लै. “थोडं इकडंतिकडं करून?” इल्लै. “बरं, कॉफी तरी घेणार?” एवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात नाकारता आली नाही. अख्खं कुंभकोणम तिला इल्लै अक्का म्हणायचं, आणि हे नाव ती पदवीसारखं मिरवायची.

मी कोल्हापूरची. लग्न करून इथं आले, आणि नात्यानं नणंद लागणारी ही बाई माझी साहेब झाली. तिचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारात होते. आता दरबार म्हणजे कॉफीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार-पाच कम्प्युटर आणि आम्ही प्रोग्राम लिहिणाऱ्या बायका. पहिल्याच दिवशी मी तिच्या बोलण्याला फिस्सकन हसले. ती म्हणाली, “आमची मराठी तुम्हांस बखरीतली वाटते गे, तुमची आम्हांस भांडणातली!” फिट्टंफाट झाली आणि आमचं जमलं ते कायमचं.

आमचा हातखंडा सोडतीचा प्रोग्राम. घरं असोत, गाळे असोत, नावं टाकायची, बटण दाबायचं, यादी बाहेर. ऐकायला सोपं. पण सोडतीला असा आकडा लागतो की जो कुणालाच, लिहिणाऱ्या आम्हालासुद्धा, आधी ओळखता येऊ नये. कम्प्युटर तर सांगितलं तेच करणारा प्राणी. तो असला आकडा आणणार कुठून? प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम तो आपल्यापुरता जमवून ठेवते, पण मागायची रीत वेगळी. विंडोजचं दार वेगळं, लिनक्सचं वेगळं, मॅकचं तिसरंच. बाकीचे लोक कंटाळून घड्याळातली वेळ घेतात, तिलाच तिखटमीठ लावतात आणि सगळीकडं तेच चालवतात.

अक्काला याची भयंकर चीड. “जिच्या घरी गेलीस तिच्याच घरचं पाणी माग,” ती म्हणायची. “नाही म्हणाली तर तहानलेली परत ये. गटारातलं पिऊ नको.” म्हणजे काय, तर भरवशाचा आकडा मिळाला नाही तर प्रोग्रामनं थांबायचं आणि थांबलो म्हणून मोठ्यानं सांगायचं. गुपचूप दुसरं काही वापरायचं नाही. आमच्यातली कुणी ‘अडलंच तर वेळ घे’ अशी ओळ लिहिली, की अक्का ती स्वतःच्या हातानं खोडायची.

जवळच्याच तिरुभुवनमच्या रेशीम विणणाऱ्यांची एक सोसायटी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिच्यावरच आमच्या खोल्यांचं भाडं निघायचं. विणकरांसाठी नवी घरं बांधली होती, पुढच्या खोलीत मागाखाली पाय सोडून बसायचा खड्डा खणता येईल अशी. घरं थोडी, माणसं कितीतरी. सेल्वी नावाची एक विणकरीण होती. भाड्याच्या घरात मालक खड्डा खणू देईना, म्हणून ती दुसऱ्याच्या मागावर बसायची. तिचा सगळा जीव या सोडतीत.

सोडतीच्या दिवशी मांडव भरलेला, बडे पाहुणे हार घालून बसलेले. आणि आम्ही तपासलेला कम्प्युटर ऐन वेळी बंद पडला म्हणून सोसायटीनं अडगळीतला एक काढून ठेवलेला! त्याची सिस्टिम इतकी जुनी, की आम्ही ठोठावत होतो ते दारच तिच्यात नव्हतं. जुनं दार होतं, पण ते आम्ही कधी तपासलं नव्हतं. बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर तमिळमध्ये अक्षरं आली: भरवशाचा आकडा मिळाला नाही. सोडत थांबवली आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. माणूस वाईट नव्हता, पाहुण्यांना घाबरलेला होता. “अम्मा, घड्याळावर चालवा ना. कुणाला कळतंय?”

“इल्लै.”

“पुढचं काम तुम्हाला मिळणार नाही हं.”

“नको. घड्याळ अस्क्यांच्या, सगळ्यांच्याच मनगटावर आहे. बटण कधी दाबलं हे ज्याला ठाऊक, त्याला यादीही काढता येईल. अशी सोडत माझ्या नावावर नको.” तिनं सरळ माईक ओढला आणि मांडवाला विचारलं, “घडा आहे का कुणाकडं?”

अहो, भांड्यांसाठी नावाजलेल्या कुंभकोणमच्या पंचक्रोशीत पितळी घड्याला काय तोटा! चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. अक्कानं एकच अट घातली: ज्याची चिठ्ठी, त्यानं ती स्वतः टाकायची आणि हात घालून घडा एकदा ढवळायचा. पाहुणे कंटाळून निघून गेले. रांग सरकत राहिली. सेल्वीनं तर कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. अक्का माझ्या कानाशी म्हणाली, “बघ गे, आपल्यास मिळाला नाही तो आकडा हे लोक बनवतायत.”

सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. सेल्वीचं नाव निघालं नाही. मला रडू कोसळलं. तीच अक्काजवळ आली आणि म्हणाली, “नाही आलं. पण माझ्या डोळ्यांदेखत नाही आलं.” अक्कानं तिचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

सोसायटीचं काम गेलं ते गेलंच. एक खोली सोडावी लागली, एका खोलीत दाटीवाटीनं बसलो. मात्र त्या अडगळीतल्या सिस्टिमचं जुनं दार अक्कानं हट्टानं तपासून पक्कं केलं, कुणी मागितलं नव्हतं तरी.

गेल्या वर्षी अक्का गेली. इस्पितळातसुद्धा नर्सनं “झोपेची गोळी देऊ?” म्हटलं तर उत्तर तेच. मला तिची आठवण येते म्हणणं खोटं आहे, ती माझ्या बोटांत बसलीय. कुणी ‘अडलंच तर’ लिहिलं की माझा हात आपोआप खोडायला जातो.

यंदा तिरुभुवनमला घरांची दुसरी सोडत निघाली आणि विणकरांनी अडून बसून आम्हालाच बोलावलं. मी कम्प्युटर मांडला. शेजारी सेल्वीनं चिंचेनं घासून लख्ख केलेला घडा आणून ठेवला. नवे सेक्रेटरी हसत मला म्हणाले, “तुमचा प्रोग्राम आता सगळ्या कम्प्युटरांवर चालतो ना? मग हे भांडं उचला.”

मी तोंड उघडायच्या आत सेल्वी म्हणाली, “इल्लै.”