सासऱ्यांचा गळका डबा

माझ्या सासऱ्यांचं धुळीशी जितकं वैर होतं, तितकं वैर बांधावरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांतही मी पाहिलेलं नाही. बाकीची माणसं धूळ झटकतात आणि विसरतात. हे तिच्या मागावर असत. कर्जतच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर म्हणून त्यांची उभी हयात गेली. घाट चढणाऱ्या इंजिनांची राख इतकी वर्षं नाकातोंडात गेल्यावर दुसरा कोणी तिला सरावला असता. सासऱ्यांनी नोकरीतून सुटताच लढाई पुकारली. घरातली केरसुणी पहिल्याच दिवशी हद्दपार झाली. "केरसुणीनं धूळ जात नाही, जावईबापू, नुसती जागा बदलते," हे त्यांनी मला पहिल्या दिवाळसणाला ऐकवलं, आणि तेही मी अंगाला उटणं लावून कुडकुडत उभा असताना. जमीन दिवसातून तीनदा ओल्या फडक्यानं पुसली जाई. मग दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून ते बोट सासूबाईंच्या डोळ्यांपुढे धरलं जाई. सासूबाई शांतपणे म्हणत, "बोट धुवा आता."

आमच्या लग्नात त्यांनी अक्षता तीनदा चाळून वर धुऊनही घेतल्या होत्या. मुहूर्तापर्यंत त्या वाळल्या नाहीत. मंगलाष्टकं संपली तेव्हा माझ्या फेट्यावर कुंकवाच्या भाताचे गोळे बसले होते आणि वऱ्हाडातला एक म्हातारा विचारत होता, की ही पद्धत कुणाकडची? शेजारीण जत्रेहून अंगारा घेऊन आली तर ते ओला रुमाल पुढे करत आणि त्यावर तो टिपून घेत. "देवाची असली तरी राख ती राखच. नाकात गेली की शिंक येते, पुण्य येत नाही." यावर शेजारीण दोन महिने बोलत नसे, आणि सासऱ्यांना तेवढे महिने फार सुखाचे जात.

धुळीखालोखाल त्यांचा जीव होता तो जोडावर. दोन पत्रे, दोन नळ्या, काहीही जोडायचं असो, त्यातून वाफेचा वाससुद्धा बाहेर येता कामा नये. शेडमधले साहेबलोक त्यांच्या जोडावर पेटती काडी धरून बघत आणि ज्योत हलत नसे, असं ते सांगत. हे इतक्या वेळा सांगत, की माझी मुलं ते गोष्टीसारखं पाठ म्हणून दाखवत. सगळ्या तालुक्यात त्यांच्या हाताचं नाव होतं आणि त्यांना ते पुरेपूर ठाऊक होतं.

मी तेव्हा खालापूरच्या शाळेत मास्तर होतो आणि महिन्यातून एकदा तरी कर्जतला माझी फेरी व्हायची. सासरे आता भाताच्या एका गिरणीवर मिस्त्री म्हणून जात. गिरणीचं इंजिन भाताच्याच तुसावर चाले, त्यामुळे एका बाजूनं राख उडे आणि सडायच्या यंत्राच्या बाजूनं कोंडा. आत गेलेला काळा माणूस गोरा होऊन बाहेर पडे. त्या धुरळ्यात ठाकुरवाडीच्या बाया दिवसभर तांदूळ पाखडत बसत. त्यांतली एक बुधी. तिला असा खोकला होता, की तो सुरू झाला म्हणजे सासरे हातातला पाना खाली ठेवत. शेडमधला त्यांचा जोडीदार असाच खोकत खोकत गेला होता. बुधी तशी जाऊ नये एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

चैत्रात बाजारतळावर वावटळ उठली. लोकांनी तोंडाला उपरणी लावली. सासरे डोळे उघडे ठेवून तिच्यात जाऊन उभे राहिले. घरी आले ते लालभडक डोळ्यांनी. "कचरा कडेला फेकला जातो! वावटळ डब्यात कोंडायची, बस!" सासूबाई म्हणाल्या, "आधी डोळ्यांवर पाणी मारा."

दोन महिने घरात रॉकेलचे डबे कापणं आणि डाख देऊन पत्रे जोडणं चाललं होतं. त्यातून दोन डबे निघाले, वर गोल आणि खाली नरसाळ्यासारखे निमुळते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा डब्याच्या डोक्यातून हवा ओढी. धुळीची हवा कुशीतून आत शिरे, गरगर फिरे, धूळ तळाशी बसे आणि स्वच्छ हवा वरून निघून जाई. एक डबा राखेला, एक कोंड्याला. राखेच्या डब्याचं गावानं कौतुक केलं, कारण इतकी बारीक राख भांडी घासायला दुसरीकडे मिळत नव्हती. कोंड्याच्या डब्याचं मात्र कोणालाच पटेना. कडावचा एक शेतकरी भात घेऊन तासभर ओट्यावर बसून राहिला. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, गिरन चालू हाय का नाय? काय उडत तर नाय!" उडत नाही म्हणजे आपलं भात डबा खातो, असं त्यानं गावभर सांगितलं.

हे सगळं सासऱ्यांनी हसण्यावारी नेलं. पण महिन्याभरानं बुधी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो.

"मिस्त्रीबाबा, खोकला कमी झाला, खोटं नाय बोलत. पर कोंडा गेला."

रीत अशी होती, की जमिनीवर पडेल तो कोंडा पाखडणाऱ्या बायांचा. संध्याकाळी त्या तो झाडून नेत. आता जमिनीवर काही पडतच नव्हतं.

"पावसात त्याचीच भाकर व्हती आमची," बुधी म्हणाली. "आमी खोकू. तुमी डबा काढा."

सासरे गिरणीच्या मालकाकडे, शेठजींकडे गेले. शेठजी अतिशय न्यायी माणूस. ते म्हणाले, "जमिनीवर पडला तर बायांचा, मी कधी हात लावलाय? पण हा डब्यात पडला, आणि डबा गिरणीचा." डबा काढला तर बुधी खोकून मरणार, ठेवला तर उपाशी. सासरे त्या रात्री जेवले नाहीत आणि चौकटीवरून त्यांनी बोटही फिरवलं नाही.

पुढचे आठ दिवस त्यांनी डब्याच्या तळाशी काम केलं. नवव्या दिवसापासून डबा गळू लागला. दिवसभर ठीक असे, पण संध्याकाळी इंजिन थांबलं, की दिवसाचा सगळा कोंडा धप्पकन जमिनीवर येई. बाया झाडू घेऊन उभ्याच असत.

शेठजींनी तीनदा दुरुस्त करायला सांगितलं. सासऱ्यांनी तीनदा, चारचौघांत, डबा उतरवून दुरुस्त केला. डबा पुन्हा गळला. अखेर शेठजी भरल्या गिरणीत म्हणाले, "मिस्त्री, शेडमधलं तुमचं नाव ऐकलं होतं. एक झाकण बसवता येईना?" सासरे खाली बघत म्हणाले, "हात थकला, शेठ. जोड साधत नाही." मला काही ते पटेना.

मग एकदा गिरणीत सासरे एकटेच आहेत असं बघून मी डब्याखाली डोकं घातलं. तिथे चामड्याची एक झडप होती. पंखा ओढत असेतो ती वर चिकटून घट्ट बसे, काडीची ज्योत हलणार नाही इतकी घट्ट. ओढ थांबली, की आपल्याच वजनानं उघडे. त्यांच्या साऱ्या आयुष्यात इतकं नाजूक काम त्यांनी केलं नव्हतं. मी वर बघितलं तर ते मागेच उभे. "जावईबापू," ते म्हणाले, "खोट आहे म्हणून सांगायचं. कुणालाही."

खरं काय ते मी कुणालाही सांगितलं नाही. ते गेले तेव्हा तेराव्याला पानं वाढली असताना एक गृहस्थ हळहळून म्हणाले, "माणूस देव होता हो. फक्त शेवटी शेवटी हाताची सफाई गेली होती." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. दाराशी बुधी आली होती, म्हातारी झालेली, न खोकता बसलेली. तिनं मात्र मान हलवली नाही.