एफी, पाइक आणि पाहुण्यांचा नियम

एफी रदरफर्डला स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं म्हणणारा माणूस अख्ख्या किर्नडीनमध्ये सापडायचा नाही. आमच्या ट्राउट क्लबच्या तळ्याची ती राखणदार. आधी तिचा नवरा टॅम राखणदार होता. तो गेला आणि आठवड्याच्या आत ही बाई त्याचेच रबरी बूट घालून, आत मोज्यांचे तीन जोड चढवून, कामावर हजर. त्याला तीस वर्षं झाली. काठावरचं गवत कापायचं, वसंतात ट्राउट मासे आणून पाण्यात सोडायचे, होड्यांची गळती बुजवायची, आणि दुपारी आम्हा सव्वीस सभासदांना क्लबच्या खोलीत बार्लीचं गरम सूप वाढून वर चार शब्द ऐकवायचे.

"वॅटी, पत्रं वाटायचास तेव्हा कुत्री तरी धावायची तुझ्या मागे. आता मासेसुद्धा येईनात होय रे?"

वॅटी म्हणजे मी. छत्तीस वर्षं पोस्टमन होतो. एफीच्या तोंडाला लागू नये हे मला चांगलं कळतं, तरी रोज लागतो.

एवढं सगळं करणाऱ्या एफीने त्या तळ्यात गळ मात्र कधी टाकला नव्हता. क्लबचा नियमच तसा. राखणदाराने मासे धरायचे नाहीत. कुणा मेलेल्या शहाण्याने केला होता, देव जाणे! मग ती काय करायची? घरामागच्या हिरवळीवर टॅमची काठी घेऊन उभी राहायची. बिनगळाची दोरी मागे-पुढे झुलवायची आणि वीस पावलांवरच्या बादलीत तिचं टोक अलगद सोडायची. टपाल टाकताना मी कितीदा तरी पाहिलंय, दहातले नऊ नेम बादलीत. आमच्यातल्या निम्म्यांची दोरी झाडात अडकते. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी अवाक्षर काढत नव्हतं. मीही नाही. लाज वाटायला हवी होती आम्हाला.

तर या एप्रिलमध्ये आमच्या ट्राउटच्या अंगावर ओरखडे दिसू लागले. बदकाची नऊ पिल्लं होती, त्यांची तीन राहिली. एफी म्हणाली, "पाइक शिरलाय तळ्यात. परवाच्या पुरात ओढ्यातून आला असणार." पाइक म्हणजे मासे, पिल्लं, दिसेल ते गिळणारा दातेरी, दांडगा मासा.

"छे! पाणमांजर असेल," आमचे चेअरमन मेजर ऑलिफंट म्हणाले. मेजरसाहेब मासे धरायलासुद्धा टाय लावून येतात. "किर्नडीनमध्ये पाइक? शंभर वर्षांत आलेला नाही."

"त्याला माहीत नसेल हो मेजर, शंभर वर्षं झाली ते," एफी म्हणाली.

दोन दिवसांनी मेजरांनी एक छान ट्राउट ओढत ओढत पायाशी आणला. जाळं खाली घालणार, तोच पाण्यातून दाराएवढा हिरवा जबडा वर आला आणि ट्राउट घेऊन गेला. मेजरांच्या हातात तुटकी दोरी राहिली. मी शेजारीच उभा होतो. हसू आवरता आवरेना, म्हणून सरळ पाठ फिरवली.

मग समिती बसली. पाइक असला तर वर्षभरात तळ्यात ट्राउटचं नाव उरत नाही, हे सगळ्यांना कबूल. दोन आठवडे आम्ही आमच्या नखाएवढ्या माश्या त्या पठ्ठ्यापुढे नाचवल्या. माशी म्हणजे पिसं आणि केस दोऱ्याने गळावर बांधून केलेली खोटी माशी. आमच्या तळ्यात दुसरं काही चालत नाही. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"मला एक मेलेला ट्राउट आणि मोठा गळ द्या," एफी म्हणाली. "तासाभरात काढते त्याला."

मेजर लालबुंद झाले. "या तळ्यात आमिष? मी जिवंत असेपर्यंत नाही! शिवाय तू राखणदार आहेस, एफी."

शेवटी ठरलं की शनिवारपर्यंत पाइक निघाला तर ठीक, रविवारी आम्ही काठी हातात धरत नाही, आणि सोमवारी पंप लावून तळं उपसायचं. म्हणजे मोसम गेला, ट्राउट गेले. पुन्हा पाणी भरून मासे सोडायला वर्ष जाणार, आणि सव्वीसातल्या किती जणांना ते वर्ष दिसणार? पण मला खरी काळजी एफीची होती. ठराव ऐकला आणि ती पहिल्यांदाच काही बोलली नाही. सुपाची भांडी घासत राहिली. तीस वर्षं अंगणासारखं राखलेलं तळं डोळ्यांदेखत चिखल होणार होतं.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी नियमांची चोपडी काढली आणि सातव्या पानावर सापडलं! प्रत्येक सभासदाने मोसमात एकदा एक पाहुणा आणावा. दोघांत काठी एकच. एकाने गळ टाकायचा, दुसऱ्याने हात खिशात घालून उभं राहायचं.

शनिवारी सकाळी मी एफीला घेऊन तळ्यावर गेलो. "मेजरसाहेब, ही माझी पाहुणी."

"राखणदार पाहुणी कशी होईल?"

"आज माझी रजा आहे," एफी म्हणाली. "तीस वर्षांत घेतली नव्हती, आज घेतली."

मेजरांनी चष्मा लावला. चोपडी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सगळे सभासद श्वास रोखून उभे. "नाही म्हणून लिहिलेलं नाही," ते आंबट तोंडाने म्हणाले. "माशी दाखव."

एफीने डबा उघडला. आत वीतभर लांब काहीतरी होतं. कोंबड्याची पांढरी पिसं, गायीच्या शेपटीचे तांबडे केस आणि नाताळच्या झाडावरची चमकी.

"ही माशी? ही तर कोंबडी आहे!"

"पिसं, केस, दोरा. माशीच आहे. लांबी किती असावी ते लिहिलंय का कुठे?"

लिहिलेलं नव्हतं. माशीच्या पुढे पोलादी तार होती, कारण साधी दोरी पाइक दातांनी कापतो. ती तार कुठली, ते मला थोड्या वेळाने कळलं. क्लबच्या संस्थापकांची तसबीर खोलीत टांगायच्या तारेविना, भिंतीला टेकून जमिनीवर उभी होती. मी दार हळूच लोटून घेतलं.

बदकं ज्या लव्हाळ्याकडे फिरकत नव्हती, तिथेच एफी गेली. माझी काठी हातात घेतली. दोन वेळा झुलवली आणि ती कोंबडी लव्हाळ्याच्या कडेला अशी उतरली की पाणी जेमतेम हललं. एक ओढ. दुसरी ओढ. तिसऱ्या ओढीला पाणी फुगलं आणि काठी कमानीसारखी वाकली.

"धरलाय गं! सोडू नकोस!" मी ओरडलो.

"सोडतेय कशाला, मेल्या! बाजूला हो!"

वीस मिनिटं चाललं ते. पाइक पळाला, एफी काठाकाठाने पळाली, तिच्या मागे आम्ही सगळे पळालो. मी हात खिशात घालून पळत होतो, नियम म्हणजे नियम. दमून मासा जवळ आला, पण आमचं जाळं त्याच्या डोक्यालाही पुरेना. तेव्हा मेजर ऑलिफंट, टायसकट, छातीभर पाण्यात उतरले आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळून बाहेर घेऊन आले. साडेदहा किलो! काय आरडाओरडा केला आम्ही! दोघांनी टोप्या पाण्यात उडवल्या, त्यातली एक माझी होती. तळं वाचलं होतं.

त्या गोंधळात एफीने काठीची मूठ झग्याने स्वच्छ पुसली आणि माझ्या हातात दिली. "घे बाबा तुझी काठी. झाला माझा डाव." हसतच म्हणाली, पण मूठ सोडायला तिला जरा वेळ लागला. मी पाहिलं. मेजरांनीही पाहिलं.

ते नखशिखान्त निथळत उभे होते. तळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. पाणी आरशासारखं स्थिर होतं. कुठे एक तरंग नव्हता.

"एफी," ते म्हणाले, "दुसरा आहे तिथे."

"कुठे?"

"तिकडे. मी स्वतः पाहिला."

जन्मात खोटं न बोललेला माणूस हो! आम्हीही माना डोलावल्या, आहे म्हणून.

"पंपवाल्यांना येऊ नका म्हणून कळवतो," मेजर म्हणाले. "सोमवारी दहा वाजता तू माझी पाहुणी. मंगळवारी कोण नेतंय हिला?"

एकदम चोवीस हात वर झाले. एफी आमच्याकडे बघत राहिली.

मग तिने डबा उघडून आत पाहिलं. "मग सोमवारी माशी केवढी बांधू, मेजर?"

"लहान बांध," मेजर म्हणाले. "ट्राउटला चालेल एवढी."

त्या मोसमात एफी सव्वीस वेळा पाहुणी म्हणून आली. दुसरा पाइक अजून सापडलेला नाही.