कोणी धाडलं ते सांगणारा डीबगर

पुण्यात नोकरीला असताना मी डीबगर बनवायचे. प्रोग्राम अडला की त्याला जागीच थांबवून आत काय बिघडलं ते दाखवणारी खिडकी. माझ्या खिडकीत कप्प्यांत कप्पे, हरेक ओळीला वेगळा रंग. केसांत गजरा, डोक्यात हवा. कुणी म्हणालं, ‘बाई, यातलं काही कळत नाही,’ तर मी मान वेळावून म्हणायची, ‘मग टायपिंग शिका.’ या बयेला, म्हणजे मलाच, वाटायचं, डोळे सगळ्यांना जन्मभरासाठीच मिळतात.

आता वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावात नातवंडांच्या चपला शोधते आणि लेकाशेजारी बसते. तोही प्रोग्रामर. रक्तातल्या साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. उजवा पार गेला. डाव्यात थोडा उजेड आहे, असं तो सांगायचा. कंपनीचं काम घरूनच, संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या भरवशावर. लिहिणं जमायचं, चूक शोधणं जमेना. डीबगर उघडला की तो आवाज यंत्राच्या पोटातली सगळी उतरंड वाचत सुटायचा. मुद्द्याची ओळ येईस्तोवर आधीचं विसरून जायचं. साहेबानं बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत चुका स्वतः शोधता आल्या नाहीत तर नोकरी संपली.

तो ज्या प्रणालीत काम करायचा, तिच्यात सगळा कारभार ऑब्जेक्टांचा, म्हणजे आपापलं काम सांभाळणाऱ्या छोट्या तुकड्यांचा. एकानं दुसऱ्याला निरोप धाडायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. डीबगरही तिच्यातच लिहिलेला, म्हणून हवा तसा बदलता येतो. मी पदर खोचला. आणि केलं काय, तर रंग बोलते केले! लाल ओळ, निळी ओळ, पिवळी ओळ.

“आई, मले चूक शोधाची हाये. तू होळी खेळून राह्यली.”

“लाल म्हंजे चूक. इतकं समजत नाही तुले?”

“समजते. पन लाल येईलोक माही नोकरी जाते.”

तेवढ्यात दारात पाऊल वाजलं. तो बसल्या जागेवरून ओरडला, “कोन व्हय?”

“मी, बाजूच्या घरची सून.”

“हातात काय हाये?”

“वाटी. विरजन पाह्यजे.”

“कोनं धाडलं?”

“सासूनं.”

झालं. आमच्याकडे दारातल्या माणसाला एवढंच विचारतात. आणखी हवं असेल तर पुढचं विचारायचं; आल्या आल्या कुणी खानदान ऐकवत नाही.

मी रंग पुसले. प्रोग्राम थांबला की डीबगर आता एवढंच बोले: कोण अडलं, हातात काय होतं, कोणी धाडलं. एक कळ दाबली की एक पायरी मागे, त्याला कोणी धाडलं. यंत्राचे स्वतःचे आतले निरोप विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत.

मग साहेबानं फोन चालू ठेवून एक बिघडलेला प्रोग्राम त्याच्यापुढे टाकला. लेक कळ दाबत मागे मागे गेला आणि थांबला. “सर, ग्राहकाचा ऑब्जेक्ट रिकामाच पुढं धाडलाय. चूक तिथं आहे.” साहेबानं ती ओळ तपासली. मग म्हणाला, “ठीक आहे. काम चालू ठेवा.”

मी चहा ठेवायला उठले, तसा तो म्हणाला, “आई, हा पडदा उचल टेबलावरून. जागा अडवून राह्यला.”

“काहून? असू दे. अक्षरं आनखी मोठी करून देते मी.”

“दिवाळीपासून काहीच दिसत नाही मले. तुले सांगतलं नव्हतं.”

पडद्याची वायर टेबलामागे अडकली होती. मी खाली बसून ती सोडवत राहिले, आणि वरती तो पुढची चूक ऐकत होता.